वारा, पाऊस आणि टर्कीची साद: वसंतातल्या शिकारीत हवामानाला किती महत्त्व द्यावे?

रंकाळाकाठ (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी राहतो आणि एप्रिलच्या अखेरीस आम्ही उभयता त्याच्याकडे काही आठवड्यांसाठी जाणार आहोत. तिथे वसंत ऋतूत रानटी टर्कीच्या नराची शिकार करायला सरकारी परवाना मिळतो आणि हा पठ्ठ्या आपल्या सहकाऱ्यांबरोबर दरवर्षी पहाटे जंगलात जाऊन बसतो. मला बंदूक हातात घेण्याची मुळीच हौस नाही. पण मादीचा आवाज काढून नराला बोलते करायचे आणि त्याची साद ऐकत त्याला जवळ येऊ द्यायचे, हा प्रकार पाहण्याची मात्र फार उत्सुकता आहे. राधानगरीच्या जंगलात रानकोंबड्याची बांग ऐकण्यासाठी मी अनेक वर्षे पहाटे उठत आलो आहे, त्यामुळे ऐकत बसण्याचा कंटाळा मला येणार नाही.

माझी अडचण अशी की फोनवर भाच्याला विचारले, की प्रत्येक वेळी उत्तर हवामानावर येऊन थांबते. वारा होता म्हणून पक्षी बोलले नाहीत, पाऊस होता म्हणून बोलले नाहीत, हवेचा दाब उतरला होता म्हणून बोलले नाहीत. हे ऐकून माझ्या मनात शंका येते की यात खरे किती आणि नाचता येईना अंगण वाकडे यातला भाग किती? आपल्यापैकी कोणाला या विषयाची प्रत्यक्ष माहिती असेल, तर वारा, पाऊस, धुके, थंडी आणि दाब यांचा नराच्या सादेवर आणि आपण काढलेल्या आवाजाच्या उपयोगावर नेमका कसा परिणाम होतो, ते सविस्तर सांगावे. आम्हाला जेमतेम एक आठवडा मोकळा मिळणार आहे, तेव्हा कोणती पहाट निवडावी हाही प्रश्न आहेच.

भुदरगडकर

काका, नमस्कार. मी मूळचा गारगोटीचा, आता अनेक वर्षे मिसुरीतच आहे आणि वसंतात जंगलात जातो, म्हणून लिहितो. तुमचा भाचा खोटे बोलत नाही, पण अर्धेच सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. टर्कीचा विणीचा हंगाम सुरू होतो तो दिवसाची लांबी वाढू लागल्यामुळे. हवामान तो हंगाम थोडाफार पुढेमागे करू शकते, पण रद्द करू शकत नाही. म्हणजे एप्रिलअखेरच्या कोणत्याही पहाटे नर रातथाऱ्यावर असतोच, मादीच्या शोधात असतोच, आणि वाईट हवेत तो गप्प बसला तरी तो रान सोडून निघून गेलेला नसतो. हवामानामुळे त्याच्या गॉबलची, म्हणजे त्या खळखळत्या सादेची, संख्या कमी होते हे खरे आहे. पण त्याहून मोठा फरक पडतो तो आपल्याला ऐकू येण्यात आणि त्याच्या दिवसभराच्या जागेत. हे लक्षात घेतले नाही, तर माणूस ऐकू आले नाही म्हणून घरी परततो आणि पक्षी तिथेच शेजारच्या घळीत चरत असतो.

सर्वांत मोठा शत्रू वारा. वारा ताशी २५ किलोमीटरच्या आसपास गेला, की इथले जुने शिकारी सुस्कारा टाकतात. टर्कीला वासाचे ज्ञान जवळजवळ नसते, तो जगतो डोळ्यांवर आणि कानांवर. फांद्या आणि पाने सतत हलू लागली की कोयोट (कोल्ह्या-लांडग्याच्या जातीचा प्राणी) किंवा बॉबकॅट (तिथले रानमांजर) जवळ आल्याची चाहूल त्याला डोळ्यांनीही लागत नाही आणि कानांनीही लागत नाही, म्हणून तो बिथरलेला राहतो. अशा दिवशी तो डोंगराच्या दांडावर थांबत नाही; वाऱ्याच्या आडोशाच्या उतारावर, खोल घळीत किंवा जिथे दूरवर दिसते अशा कुरणात उतरतो. त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी तुम्ही भाच्याबरोबर दांडावर बसून राहिलात, तर दोष हवामानाचा नव्हे, जागेचा असेल.

पावसाचे दोन प्रकार वेगळे मानावे लागतात. बारीक भुरभुर असेल तर नर रातथाऱ्यावरून साद देतो, फक्त जरा उशिरा आणि कमी वेळा. संततधार असेल तर तो बहुधा गप्पच असतो आणि उजाडल्यावर सरळ मोकळ्या शेतात जाऊन उभा राहतो, कारण जंगलात पानांवरून थेंब टपकत राहिल्याने पुन्हा तीच ऐकू न येण्याची अडचण होते. भर पावसात कुरणाच्या मध्यभागी मान आखडून, पिसे अंगाशी घट्ट मिटून उभा असलेला नर पाहिला की हाच पक्षी उन्हात पंख्यासारखी शेपटी पसरून मिरवतो यावर विश्वास बसत नाही. मात्र पाऊस थांबून ऊन पडले की तासाभरात चित्र पालटते. पिसे झटकून तो पुन्हा फुलतो, आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पाऊस उघडला तर त्यासारखी संधी नाही, कारण एप्रिलच्या अखेरीस बऱ्याच माद्या त्या वेळेला अंडी घालायला किंवा उबवायला घरट्याकडे गेलेल्या असतात आणि नर एकटा पडलेला असतो. सरकारी जमिनीवर इथे दुपारी एकपर्यंतच शिकार करता येते, हे ध्यानात ठेवून वेळेचा हिशेब करावा.

गडगडाटाची गंमत वेगळीच आहे. मोठा, अचानक आवाज झाला की नर प्रतिक्षिप्तपणे साद देऊन बसतो. ढगांचा गडगडाट, मोटारीचे दार आपटणे, घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज, काहीही चालते. शिकारी संध्याकाळी आणि पहाटे घुबडाचा आवाज मुद्दाम काढतात तो याचसाठी, नर कुठल्या झाडावर आहे हे कळावे म्हणून. वळवाच्या पावसात लांब गडगडले की आपल्याकडे मोर ओरडतात, तसाच हा प्रकार आहे. पण विजा जवळ कडाडत असतील तर झाडाखाली बसून हा अभ्यास करू नये. मिसुरीत एप्रिल आणि मे हे टोर्नेडोंचे, म्हणजे जमिनीवरून फिरणाऱ्या सोंडेसारख्या वावटळींचेही महिने आहेत, त्यामुळे हवामान खात्याचा इशारा आला की उठून गाडीकडे निघावे.

आता आवाज काढण्याच्या साधनांविषयी, कारण हवामान तिथेही आडवे येते. लाकडी पेटीचा बॉक्स कॉल आणि पाटीच्या दगडाचा स्लेट कॉल ही दोन्ही साधने घर्षणावर चालतात. पेटीच्या झाकणाला खडू लावलेला असतो, आणि त्या खडूला ओल लागली की मादीच्या आवाजाऐवजी नुसते घासल्याचे खरखर ऐकू येते. इथले लोक बॉक्स कॉल पावाच्या रिकाम्या प्लास्टिक पिशवीत घालतात आणि पिशवीतच हात घालून वाजवतात. दिसायला ते विचित्र दिसते, पण खडू कोरडा राहतो. पावसाळी दिवशी सर्वांत भरवशाचा म्हणजे तोंडात टाळूला लावायचा डायफ्रॅम कॉल, कारण तो मुळातच ओला असतो, शिवाय दोन्ही हात मोकळे राहतात. वारा असेल तर उलट मोठा, तीव्र आवाजाचा बॉक्स कॉल उपयोगी पडतो. आणि वारा पडलेल्या स्वच्छ पहाटे मात्र हात आखडता घ्यावा; त्या शांततेत मादीची हलकी कुजबुजही लांबवर जाते आणि मोठ्याने काढलेला आवाज नराला खोटा वाटू शकतो. भाच्याचे सहकारी उत्साहाच्या भरात फार वाजवत असतील, तर त्यांना हे तुम्हीच सांगा, वडीलधाऱ्या पाहुण्याचे ऐकतील.

हवापाणी

भुदरगडकर यांनी मुद्देसूद लिहिले आहे. मी शिकारी नाही, भौतिकशास्त्र शिकवतो, तेव्हा आवाजाबद्दल आणि दाबाबद्दल थोडे जोडतो.

निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता गमावते आणि तिच्या लगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. ध्वनीचा वेग थंड हवेत कमी आणि उबदार हवेत जास्त असल्यामुळे वर निघालेल्या ध्वनिलहरी वाकून पुन्हा जमिनीकडे येतात, आणि म्हणूनच अशा पहाटे आवाज नेहमीपेक्षा पुष्कळ लांब पोहोचतो. रंकाळ्याच्या काठावर पहाटे पलीकडच्या बाजूचे बोलणे स्पष्ट ऐकू येते, ते काही प्रमाणात याच कारणाने. सूर्य वर आला की जमीन तापते, हवेची मांडणी उलटी होते आणि आवाज वर वळून हरवतो. थंड, स्वच्छ पहाटेला शिकारी पसंती देतात त्यामागे पक्ष्याचा उत्साह असेलच, पण ऐकणाऱ्याला मिळालेला हा फायदाही आहे.

वाऱ्याच्या बाबतीत दिशा महत्त्वाची ठरते. जमिनीजवळ वाऱ्याचा वेग कमी आणि वर जास्त असल्यामुळे, वाऱ्याविरुद्ध जाणारा आवाज वर वळतो आणि वाऱ्याबरोबर जाणारा खाली वळतो. म्हणजे नर तुमच्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला असेल, अर्थात वारा त्याच्याकडून तुमच्याकडे वाहत असेल, तर त्याची साद तुम्हाला ऐकू येईल, पण तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. नेमके हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही आणि नर ऐकूनही येत नाही अशी तक्रार केली जाते, वास्तविक त्याने काही ऐकलेलेच नसते. अशा वेळी वळसा घालून त्याच्या बाजूला किंवा वरच्या अंगाला जाऊन बसणे सयुक्तिक ठरेल. टर्कीला वास येत नसल्यामुळे, हरणाच्या शिकारीत वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाण्याची जी धास्ती असते, ती इथे बाळगण्याचे कारण नाही.

पानांचा मुद्दाही यातच येतो. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्या भागातले ओक आणि हिकरीचे वृक्ष जवळजवळ निष्पर्ण असतात आणि साद दीड-दोन किलोमीटरवरून येऊ शकते. महिनाअखेर पालवी भरली की तीच साद अर्ध्या अंतरावर विरते आणि पक्षी आहे त्यापेक्षा लांब असल्याचा भास होतो. आपण जाल तेव्हा ही पालवी फुटलेली असेल, तेव्हा अंतराचा अंदाज बांधताना हे जमेस धरावे.

दाबाबद्दल माझे मत जरा सावध आहे. जंगलात स्वयंचलित ध्वनिमुद्रक लावून जे अभ्यास झाले, त्यांत वारा आणि पाऊस यांचा दुष्परिणाम स्पष्ट दिसतो. वाढता किंवा चढा दाब अनुकूल मानला जातो, पण चढा दाब एकटा येत नाही. तो आपल्याबरोबर निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि काही काळाने पडलेला वारा घेऊन येतो. मग पक्षी दाबाला प्रतिसाद देतो की त्याच्याबरोबर आलेल्या हवेला, हे वेगळे काढणे कठीण आहे. निवड करण्यापुरते मात्र ते उपयोगी आहे. थंड हवेची आघाडी, म्हणजे थंड हवेच्या लोटाची पुढची कड, सरकून गेल्यावर पहिल्या दिवशी दाब चढतो खरा, पण त्या दिवशी वायव्येचा वारा जोरात असतो. दुसऱ्या पहाटे वारा पडतो, थंडी असते आणि आकाश मोकळे असते. आपल्याला आठवड्यातून एकच पहाट निवडायची असेल, तर आघाडी गेल्यानंतरची दुसरी पहाट निवडावी.

घाटमाथा

विषय अमेरिकेतला असला तरी धागा कोल्हापूरकराने काढला आहे, म्हणून इकडचे दोन शब्द लिहितो. मी राधानगरी आणि दाजीपूर परिसरात पक्षिनिरीक्षणासाठी नेहमी जातो.

रानकोंबड्याची बांग साधारण फेब्रुवारी ते मे या काळात सर्वांत जोमात असते आणि वर सांगितलेले वाऱ्याचे गणित तिथेही तंतोतंत लागू पडते. मार्चमधल्या स्थिर पहाटे समोरच्या सोंडेवरचा नर आणि त्याला दरीपलीकडून उत्तर देणारा दुसरा, असे दोन्ही ऐकू येतात. मेच्या मध्यानंतर पश्चिमेचा वारा घाट चढून येऊ लागला, की त्याच जागी उभे राहून जवळचाही नीट ऐकू येत नाही. पक्षी कमी झाले असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी पूर्वेकडच्या उतारावर, वाऱ्याच्या आडोशाला पन्नास पावले खाली उतरायला सांगतो, तिथे आवाज मिळतो.

मात्र पाऊस म्हणजे गप्प बसणे हा नियम सर्व पक्ष्यांना लावू नये. आपल्याकडे नेमके उलट वागणारेही आहेत. मृगाच्या तोंडावर आभाळ भरून आले की पावशा रात्रंदिवस थांबत नाही, नवरंग पक्षी पहिल्या सरींबरोबरच शीळ घालू लागतो आणि पर्वत कस्तुर तर ओढा वाहू लागल्यावरच खरा गातो. मोराचा विणीचा काळही पावसाशी बांधलेला आहे. टर्कीची वीण समशीतोष्ण प्रदेशातल्या वसंताशी जुळलेली आहे आणि तिथे थंड पाऊस हा पिलांच्या जिवावर उठणारा असतो. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लू भिजून गारठले तर वाचणे कठीण होते. ओल्या मादीचा वास भक्षकांना लवकर लागतो आणि म्हणून पावसाळी वसंतात अधिक घरटी लुटली जातात, असाही एक तर्क तिथले संशोधक मांडतात. त्यामुळे यंदाचा भिजका वसंत यंदाच्या सादेवर जितका परिणाम करतो, त्याहून जास्त परिणाम दोन वर्षांनंतरच्या सादेवर करतो, कारण त्या वर्षी वयात येणारे नरच कमी असतात. शिकारी मंडळी आजच्या पहाटेपुरते आभाळ पाहतात, हा माझा जुना आक्षेप आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण हा धागा तरुण मुलेही वाचतील. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार बंद आहे. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून शिकार करवण्याची परंपरा होती आणि दाजीपूरचे रान हे तर राजांचे राखीव शिकारीचे रान, हे आपण अभिमानाने सांगतो. पण १९५८ मध्ये त्याचे अभयारण्य झाले आणि तो अध्याय संपला. तिथे टर्कीला बोलावतात म्हणून इथे कोणी मोबाइलवर रानकोंबड्याचा आवाज लावून नराला झुडपातून बाहेर काढू नये. विणीच्या दिवसांत त्याला प्रतिस्पर्धी आल्याचा भास होतो आणि तो बांग देत धावतो. नुसते फोटोसाठी हे करणारे वाढले आहेत. काकांसारखे ऐकत बसणारे वाढावेत.

रंकाळाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. पूर्वेकडच्या उतारावर उतरण्याची युक्ती मी राधानगरीत करून पाहीनच. दाबाबद्दलचे स्पष्टीकरण भाच्याला पाठवले, त्यावर त्याने फक्त अंगठा पाठवला आहे, म्हणजे पटले असावे. दोन शंका उरतात. मी परवाना न काढता केवळ सोबत बसलो तर चालते का? आणि आमच्या त्या आठवड्यात नेमका रोज पाऊस लागला, तर जाणेच रद्द करावे का?

भुदरगडकर

काका, परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि दरवर्षी थोडे बदलतात. नुसते पाहत बसणे वेगळे आणि शिकाऱ्यासाठी आवाज काढून देणे वेगळे. काही राज्यांत आवाज काढणाऱ्यालाही परवाना लागतो. तेव्हा भाच्याला मिसुरीच्या संवर्धन खात्याची यंदाची पुस्तिका उघडून वाचायला सांगा, कोणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. तुम्ही पर्यटक म्हणून येणार असल्यामुळे बंदुकीला हात न लावणे हेच सोयीचे. कपड्यांत तांबडा, पांढरा आणि निळा रंग कटाक्षाने टाळा, आतला बनियन किंवा खिशातला रुमालसुद्धा तसा नको, कारण नराच्या डोक्याचे रंग हेच आहेत आणि पलीकडच्या झुडपात दुसरा शिकारी असू शकतो. पाठ टेकायला खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याचे झाड निवडा. साद ऐकू आली म्हणून तिच्या दिशेने चालत जायचे नाही, कारण ती साद पक्ष्याची नसून दुसऱ्या माणसाने काढलेली असू शकते. पाऊस असो वा ऊन, गोचीड मात्र भरपूर असतात, म्हणून विजार मोज्यात खोचून बसा आणि घरी आल्यावर अंग नीट तपासा.

रोज पाऊस लागला तर पहाटे तीनला उठण्याचा अट्टहास सोडून द्या. सकाळी निवांत न्याहारी करा, रडारवर ढगांचा पट्टा कधी सरकतो ते भाच्याला पाहायला सांगा आणि पाऊस थांबण्याच्या अर्धा तास आधी एखाद्या कुरणाच्या कडेला, झाडीच्या आत दोन-तीन पावलांवर छत्रीशिवाय जाऊन बसा. अशा वेळी आवाज फार काढायचा नाही, दर पंधरा-वीस मिनिटांनी मादीचे चार-पाच हलके सूर पुरेत. पावसानंतर नर बरेचदा साद न देताच येतो, आणि ओल्या पाचोळ्यावर त्याच्या पावलांचाही आवाज होत नाही. तेव्हा कानांवर विसंबू नका, नजर कुरणावर ठेवा आणि मान वळवायची झाली तर अगदी सावकाश वळवा.